साळवेकाकांची वाकडी रेघ

मॉनिटरची पाठ उघडताना एक हात स्वतःच्या पाठीमागे ठेवायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. जुन्या, डब्यासारख्या मॉनिटरच्या पोटात काचेची मोठी नळी असायची आणि तिच्यावर पंचवीस हजार व्होल्टचा दाब. बटण बंद केलं, प्लग काढला, तरी तो कितीतरी वेळ तिथेच दबा धरून बसलेला असे. दोन्ही हात आत घातले आणि चुकून धक्का बसला, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून जाऊन दुसऱ्या हाताने बाहेर पडते. एकच हात आत असला, तर निदान काळीज तिच्या वाटेत येत नाही. पुरुष मेकॅनिक दुसरा हात पँटच्या खिशात घालत. माझ्या कमीजला खिसा नव्हता, म्हणून मी डावा हात मागे कमरेवर ठेवायचे. बघणाऱ्याला वाटे, बाईंची कंबर धरलीय. ती धरलेली असायचीच, पण त्याचं कारण वेगळं. मोठा मॉनिटर पोत्यासारखा जड असे आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं तिसऱ्या मजल्यावर राहत.

मी मूळची अकोल्याची. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत आले. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, सरोजिनी नगरला दोन खोल्यांचं क्वार्टर. देशाची दारं उघडली असं तेव्हा सगळे म्हणत. मला ती उघडलेली दिसली नेहरू प्लेसच्या तळघरांत. दर महिन्याला तिथे कॉम्प्युटरचं एखादं नवं दुकान उभं राही, आणि विकणारे पुष्कळ असले तरी दुरुस्त करणारे मिळत नसत. चोप्रासाहेबांनी त्यांच्या वर्कशॉपमध्ये मला ठेवलं ते याच अडचणीपोटी. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक मेलेला मॉनिटर दिला, संध्याकाळपर्यंत तो बोलता झाला, आणि त्यानंतर बाई-पुरुष हा विषय आमच्यात निघाला नाही.

गिऱ्हाइकांकडे मात्र निघे. दार उघडून लोक माझ्या खांद्यावरून जिन्यात बघत आणि विचारत, इंजिनिअर साहब नीचे हैं क्या? मी म्हणायचे, ऊपर आ गये हैं. मग ते बाजूला होत, पण काम संपेपर्यंत मागे उभे राहून माझ्या हातांवर नजर ठेवत.

ज्यांनी हा मॉनिटर फक्त भंगारात पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या काचेच्या नळीच्या मागच्या टोकाला एक बंदूक असे. ती इलेक्ट्रॉनचा झोत समोरच्या काचेवर मारी. काचेला आतून लेप दिलेला असे, झोत पडला की तिथे तो चमके. हा झोत चुंबकांच्या जोरावर डावीकडून उजवीकडे, मग जरा खाली, परत डावीकडून उजवीकडे असा पळवायचा. सेकंदाला साठ-सत्तर वेळा अख्खा पडदा रंगवून व्हायचा. म्हणजे समोर दिसणारं चित्र तिथे कधीच 'असायचं' नाही, ते सतत काढलं जात असे. चुंबकांचं जरा बिनसलं की चौकोनाच्या बाजू आत दबत किंवा बाहेर फुगत. रेघ वाकली ही आमच्याकडची रोजची तक्रार होती, सर्दी-पडशासारखी.

रंगाची तक्रारही तशीच. नोएडात एका बाईंच्या पडद्याच्या कोपऱ्यात दुपारनंतर जांभळा डाग उमटे आणि सकाळी गेलेला असे. मी दोनदा जाऊन आले, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा मुद्दाम दुपारी गेले, मॉनिटर उचलून खोलीच्या मधोमध ठेवला, डाग गेला. भिंतीला कान लावला तर पलीकडे घुर्रर्र आवाज. शेजाऱ्यांनी तिथेच इन्व्हर्टर बसवला होता, त्या भागातली वीज दुपारी जायची, ती परत आली की इन्व्हर्टर बॅटरी भरू लागायचा आणि त्याचं चुंबक भिंतीतून इकडे हात घालायचं. बाईंनी टेबल दुसऱ्या भिंतीला हलवलं, शेजाऱ्यांशी बोलणं मात्र टाकलं. दोष यंत्रात शोधण्याआधी आजूबाजूला बघावं, असं मी तेव्हापासून नव्या मेकॅनिकना सांगायचे. मोठ्या ऐटीत सांगायचे.

मग पातळ पडदे आले. सुरुवातीला एलसीडी ही मोठ्या साहेबांच्या टेबलावरची वस्तू होती. नंतर तीनेक वर्षांत भाव इतके उतरले, की दोन महिन्यांचा पगार लागायचा तिथे पंधरा दिवसांचा पुरू लागला. दिल्लीच्या कडेला गुडगाव, द्वारका, वसुंधरा इकडे नव्या सोसायट्यांत राहायला जाणारी माणसं सोफा आणि पडदे बदलत, तसा मॉनिटरही बदलू लागली. चोप्रासाहेबांनी वर्कशॉपमधली निम्मी टेबलं काढून तिथे खोके रचले. मला म्हणाले, "वंदनाजी, अब रिपेअर में टाइम मत लगाओ. बदलवा दो." वाईट वाटलं. पंधरा वर्षं हाताने शिकलेली विद्या एका वाक्यात निकालात निघाली. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. एलसीडी एका हातात उचलता येई. जिना चढून गेल्यावर धाप लागत नसे. काय बोलायचं तेही लवकरच तोंडात बसलं: नळी थकलीय, दुरुस्तीला अर्थ नाही, नव्याने वीजही वाचेल आणि डोळेही. हे मी इतक्या घरांत बोलले, की बोलताना काही विचार करावा लागत नसे.

साळवेकाकांच्या घरीही मी हेच बोलले.

काका मूळचे नगरचे. एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची हयात गेली. सरोजिनी नगरला आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून ते राहत. डिसेंबर लागला की त्यांच्या बाल्कनीत कागदी तारा लागे आणि सुमनकाकू आसपासच्या मराठी घरांत करंज्या पाठवत. माझी मुलगी लहानपणी नाताळ हा करंज्यांचा सण समजत असे. निवृत्तीनंतर त्यांनी द्वारकेत फ्लॅट घेतला. ज्या सेक्टरांच्या नकाशांवर त्यांनी ऐन उमेदीत काम केलं होतं, त्यातल्याच एका सेक्टरात. रस्ता चुकलेल्या पाहुण्याला ते फोनवर वाट अशी सांगत, जणू समोर कागद पसरलेला आहे.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकून घेतलं होतं. चोहीकडे इमारती उठत होत्या, लहान बिल्डरांना नकाशे हवे असत, आणि काका घरी बसून ते करून देत. काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या रेघा. त्या कामात त्यांचा जीव होता. मॉनिटर मीच त्यांना निवडून दिला होता, सतरा इंची, चांगल्यातला. मेट्रो द्वारकेपर्यंत आली त्या सुमाराला एके दिवशी त्यांचा वर्कशॉपवर फोन आला, की रेघा वाकतायत.

मी गेले. त्यांनी पडद्यावर एका फ्लॅटचा नकाशा उघडला होता. बोट ठेवून म्हणाले, ही भिंत बघ, मधोमध पोट आलंय तिला. मी वाकून बघितलं. मला भिंत सरळ दिसली. कडेच्या रेघांना किंचित बाक होता, तो त्या वयाच्या कुठल्याही नळीला असतो. तरी मी मेनूत जाऊन कडा आत-बाहेर करायला लागले. काका खुर्चीत बसून सांगत होते, अजून थोडं, अजून जरा, आता उलट. दहा मिनिटं हे चाललं. शेवटी ते म्हणाले, आता बरी आहे. मी बघितलं तर अख्ख्या चित्राच्या दोन्ही बाजू डमरूसारख्या आत गेल्या होत्या.

मी काही बोलले नाही. गिऱ्हाइकाला सरळ दिसतं ते सरळ, हे मी इतक्या वर्षांत शिकले होते. मनात आलं, जवळ-लांबचा दुहेरी चष्मा आहे, मान कशी धरतात कोण जाणे. वर्कशॉपच्या कार्डावर लिहिलं, कडा जुळवून दिल्या, ग्राहक समाधानी. काकांनी त्याखाली त्यांची ती सुंदर, छापल्यासारखी सही केली आणि मी मेट्रो पकडली.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. आता मॉनिटर आकडे खात होता. खोलीची लांबी चार आकडी असली तर मधले दोन आकडे पुसट होत, एखादं मळकं बोट लागावं तसा डाग पडद्याच्या मध्यावर दिसे. काकांनी काच तीनदा पुसली होती. मी गेले, बघितलं, डाग नव्हता. आमच्याकडे पडद्यातलं साठलेलं चुंबकत्व घालवायचं एक बटण असे. ते दाबलं की 'थड' आवाज होऊन चित्र गदगदा हले. ते दाबलं. केबल बदलून बघितली. काका म्हणाले, डाग आहे तिथेच आहे.

सुमनकाकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटतं, यांचे डोळेच एकदा दाखवू या. नंबर बदलला असेल."

आजही तो क्षण मला खोलीसकट आठवतो. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, टेबलावरची स्टीलची पट्टी, काकूंच्या हातातला चष्म्याचा डबा. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, दाखवा. पण पंधरा वर्षांचा अनुभव बोलला. मी म्हणाले, "डोळ्यांचं काही नाही काकू. नळी थकलीय. नवा पडदा आला की बघा, काकांना कसं लख्ख दिसेल."

काकांचा चेहरा उजळला. मॉनिटर बिघडलाय हे ऐकून माणसाला इतकं बरं का वाटावं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. ते काकूंना म्हणाले, ऐकलंस ना, वंदना रोज दहा मॉनिटर बघते. पातळ पडद्यात काळा रंग तितका काळा दिसत नाही अशी त्यांनी एक शंका काढली, ती खरीच होती, पण मी ती सवयीने बाजूला सारली. काकूंनी चष्म्याचा डबा मिटला आणि त्या आत गेल्या.

नवा एलसीडी यायला आठवडा लागला. मी स्वतः जाऊन तो जोडून दिला. जुना डबा हलवल्यावर टेबलावर केवढी जागा झाली याचं काकांना अप्रूप वाटलं. पडदा झगझगीत होता. काका म्हणाले, वा, बिल्कुल कागदासारखं पांढरं. मी खूश होऊन परतले.

दहा दिवसांनी त्यांनी मला घरच्या नंबरवर फोन केला. आवाज संकोचलेला होता. म्हणाले, रागावू नकोस, पण तुझ्या नव्या मॉनिटरमध्येही तेच आहे. रेघ वाकते आणि डागही आहे.

मला रागच आला. वाटेत मी चोप्रासाहेबांना मनातल्या मनात सांगत होते, की काही गिऱ्हाइकांचं समाधान होतच नाही. काकांच्या खोलीत शिरले तेव्हा त्यांनी पडद्यावर एकच उभी रेघ काढून ठेवली होती, काळ्यावर पांढरी, वरपासून खालपर्यंत. बोट ठेवून म्हणाले, इथे डावीकडे सरकते.

मी समजावायला तोंड उघडलं. एलसीडीत काही पळत नसतं काका, आत चुंबक नाहीत, झोत नाही. काचेत बारीक ठिपक्यांच्या ओळी कायमच्या बसवलेल्या असतात, विणलेल्या जाळीसारख्या. उभी रेघ म्हणजे ठिपक्यांची एक ओळ पेटलेली. मॉनिटर मरेल, काळा पडेल, पण याच्यात रेघ वाकणं शक्यच...

तिथे मी थांबले. माझंच वाक्य मला ऐकू आलं.

खोलीत दोनच गोष्टी होत्या, तो पडदा आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस. पडद्याचा दोष असू शकत नव्हता. मला पहिल्या दिवशीची ती डमरूसारखी चौकट आठवली.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, काका, खिडकीच्या गजांकडे बघा, तिथेही होतं का असं? ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, चष्म्यामुळे होत असेल, दाराची चौकटही हल्ली जरा तशी वाटते. मी त्यांना डावा डोळा हाताने झाकायला सांगितलं आणि पुन्हा त्या पांढऱ्या रेघेकडे बघायला सांगितलं.

त्यांनी डोळा झाकला. रेघेचा मधला भाग त्यांना दिसलाच नसणार, कारण त्यांनी मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे केली, जणू कुणी समोर उभं आहे आणि त्याच्या आडून बघायचं आहे. मग हात बदलला, उजवा डोळा झाकला. या खेपेला मान हलली नाही.

ते हात खाली घेऊन म्हणाले, "म्हणजे रेघ सरळ आहे."

"हो काका. रेघ सरळ आहे."

ते उठले, कॉम्प्युटर नीट बंद केला आणि काकूंना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं एका मोठ्या नेत्र-रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, भराभर काम करणाऱ्या. त्यांनी काकांच्या हातात चौकडीचा एक छापील कागद दिला. मधोमध काळा ठिपका होता. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा, असं त्या म्हणाल्या. जे मी त्या खोलीत पडदा, केबल आणि बटणं बदलून पाच-सहा आठवडे शोधत होते, ते त्या कागदाने एका मिनिटात दाखवलं.

मग औषध घालून डोळ्याच्या आत बघितलं. डोळ्याच्या आतही पडदा असतो, त्याच्या मधल्या भागाखाली रक्त झिरपत होतं. तो भाग म्हणजे वाचायची, सुईत दोरा ओवायची, रेघ बघायची जागा. म्हातारपणी काहींना होतं, सुरुवातीला सरळ रेघा वाकड्या दिसतात आणि नंतर मध्ये डाग पडतो, असं त्यांनी सांगितलं. विचारलं, कब से है?

काका म्हणाले, होगा कोई महीना भर.

माझ्या पर्समध्ये पहिल्या भेटीचं कार्ड होतं. सकाळी निघताना वर्कशॉपवर थांबून मी ते मुद्दाम काढून घेतलं होतं. तारीख वाचून दाखवली. दीड महिन्याच्या आसपास भरत होतं. डॉक्टर बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, शुरू के हफ्ते में आ जाते तो इस आँख का काफी बच जाता. अब इंजेक्शन से जितना रुके. दूसरी आँख अभी ठीक है. त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, रोज कुणाला तरी सांगावं लागतं तसं त्या सांगत होत्या. काकूंनी मात्र मान वळवून माझ्याकडे बघितलं.

इंजेक्शनची तयारी होईपर्यंत काकांना बाहेरच्या बाकावर बसवलं. औषधाने बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, म्हणून काळा चष्मा दिला होता. काकू फॉर्म भरायला गेल्या. तेवढ्यात मी त्यांना सांगून टाकलं. पहिल्या दिवशी तुमची भिंत मला सरळ दिसत होती. तुम्ही म्हणालात म्हणून मी ती वाकडी केली आणि गप्प राहून निघून आले. काकूंनी डोळ्यांचं काढलं तेव्हा मीच त्यांना गप्प केलं.

काळ्या चष्म्यामागे त्यांचे डोळे कुठे बघतायत ते कळत नव्हतं.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

माझ्याकडे खरं असं एकच उत्तर होतं. म्हटलं, गिऱ्हाइकाला चुकतंय असं सांगायची सवय राहिली नाही काका.

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू, थांबत थांबत म्हणाले, की नोकरीत त्यांनीही हेच केलं होतं. साहेबाने नकाशात जिना चुकीच्या जागी दाखवला तर तसाच काढून दिला, एकदा नाही, कितीतरी वेळा. "आणि दाराची चौकट मला वाकडी दिसत होती, वंदना. ते मीसुद्धा कुणाला सांगितलं नाही. मॉनिटर बिघडलेला असावा असं मलाच वाटत होतं."

त्यांनी मला माफ केलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या वाक्यात माफी होती असं मी मानत नाही. आमच्या दोघांच्या वाट्याचं त्यांनी वेगवेगळं करून समोर ठेवलं, आणि ते अचूक होतं, त्यांच्या नकाशांसारखं.

उजव्या डोळ्याचा मध्य परत आला नाही. रक्त थांबलं, डाग राहिला. डावा डोळा चांगला राहिला आणि त्यावर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी तो चौकडीचा कागद घरी दिला. काकांनी तो फ्रिजच्या दाराला चिकटवला. रोज सकाळी दात घासून झाले की ते एक डोळा झाकून त्याच्यासमोर उभे राहत. नकाशांची बाहेरची कामं त्यांनी हळूहळू सोडली. एलसीडी मात्र ठेवला. मी परत घ्यायला तयार होते, ते नको म्हणाले. त्यावर सगळं मोठं करून बघता येई, आणि त्यांना सोसायटीतल्या मुलांना नकाशा वाचायला शिकवायचा नाद लागला होता.

काकूंचं वेगळं होतं. मी अधूनमधून जात राहिले. त्या दार उघडत, अच्छा, आप आयी हैं, बैठिए, म्हणत आणि आत जात. दिल्लीत आम्ही मराठी माणसं घराबाहेर हिंदी बोलतो, घरात मराठी. काकूंनी मला त्यांच्याच घरात हिंदीत टाकलं होतं. मी ते निमूटपणे घेतलं. त्यांनी बरोबर तेच सांगितलं होतं आणि मी जाणकाराच्या थाटात त्यांना खोटं पाडलं होतं. याला सॉरी म्हणणं मला फार स्वस्त वाटत होतं.

माझ्या कामात एक बदल झाला. रेघ वाकडी दिसते, अक्षरं पुसट दिसतात, असं कुणी म्हणालं की मी आधी त्यांच्या खुर्चीत बसून बघायचे. मला तसं दिसलं नाही, तर ते स्पष्ट सांगायचे. नंतरच्या वर्षांत अशा चारजणांना मी डोळे तपासायला पाठवलं. दोघांना नुसता चष्मा लागला. एका बाईंना औषध वेळेवर मिळालं. चौथे गृहस्थ भडकले, म्हणाले, आप मॉनिटर बेचने आयी हैं या डॉक्टरी करने, आणि त्यांनी दुसऱ्या दुकानातून एलसीडी घेतला. चोप्रासाहेब मला काही बोलले नाहीत. त्यांचे वडील शेवटी आंधळे झाले होते, हे मला फार उशिरा कळलं.

दोनेक वर्षं गेली असतील. एका दुपारी फोन वाजला. काकू होत्या, मराठीत बोलत होत्या, आणि आवाज इतका खाली होता की मला आधी ओळखू आला नाही. म्हणाल्या, "वंदना, जरा येऊन जातेस का? यांना सांगू नकोस. मला टीव्हीत रेघा दिसतायत."

मी हातातलं काम टाकून निघाले. द्वारका मोडपासूनचं प्रत्येक स्टेशन मला लांब वाटलं. काकूंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं. काका आतल्या खोलीत झोपले होते. बाहेरच्या खोलीत त्यांचा जुना, नळीचा टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला. काकू म्हणाल्या, चार दिवस झाले, वरच्या बाजूला पांढऱ्या तिरक्या रेघा दिसतात, कधी जास्त, कधी कमी. त्यांनी काकांच्या फ्रिजवरच्या कागदासमोर उभं राहून बघायचं ठरवलं होतं, पण हिंमत झाली नव्हती. दोन्ही हात पदरात गुंडाळून त्या उभ्या होत्या.

मी टीव्हीकडे बघितलं नाही. आधी त्यांना विचारलं, तुम्ही कुठे बसून बघता? त्यांनी खिडकीजवळची वेताची खुर्ची दाखवली. मी तिच्यात बसले, त्यांच्यासारखीच पाठ टेकली, मग डोळे वर केले.

पडद्याच्या वरच्या पट्ट्यात चार-पाच पांढऱ्या, बारीक, तिरक्या रेघा होत्या. आतला कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग सुकला की असं होतं. अर्ध्या तासाचं काम.

"काकू," मी म्हटलं, "मलाही दिसतायत."

त्यांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, एक, दोन, तीन असं बोटाने मोजून रेघा दाखवल्या. त्या माझ्या बोटाबरोबर मोजत गेल्या. मग खाली सतरंजीवर बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मीही रडले. टीव्हीवर एक बाई आवाजाशिवाय भाजी परतत होती, आणि तिच्या डोक्यावरून त्या रेघा थरथरत होत्या.

आतून काकांनी विचारलं, कोण आलंय, काय झालं?

काकूंनी डोळे पुसले आणि गळा साफ केला. "काही नाही हो," त्या म्हणाल्या, "वंदना आलीय. आपला टीव्ही बिघडलाय."